निखारे भरून पाहिलेली इस्त्री

सभेला जाताना तुमच्या अंगात जो कडक पांढरा सदरा असतो, त्याच्यावरून फिरलेली इस्त्री बाजारातून कोणी निवडून आणली, हे तुम्हाला ठाऊक आहे का? कोणी फिरवली ते मी विचारत नाही. ते तुम्हाला ठाऊक असेल, नसेल तर घरी गेल्यावर कळेल. निवडली कोणी, एवढंच सांगा.

हा प्रश्न मला व्यासपीठावरून विचारायचा होता. पण आमच्याकडच्या सभांत बाईला व्यासपीठावर बोलावतात ते हार घालायला. हार घालून झाला की ती खाली उतरते आणि मग स्वातंत्र्यावर भाषणं सुरू होतात. म्हणून इथे लिहिते आहे. थकून लिहिते आहे, हेही सांगून टाकते. याच विषयावर जोरात बोलून झालं, भांडून झालं. आता फक्त जे झालं ते सांगायचं राहिलं आहे.

मी पत्रकांवर वाढले. बाबा गोंदियात स्टेशनाजवळच्या एका छापखान्यात यंत्राला कागद घालायचं काम करत. शाई फुटलेले, वाकडे उमटलेले कागद ते संध्याकाळी बगलेत मारून घरी आणत. त्यांत सभांची बोलावणी असत, दारूबंदीच्या विनवण्या असत, स्वदेशीच्या शपथा असत आणि मधूनच एखाद्या केसांच्या तेलाची जाहिरात. त्याच कागदांवर मी अक्षरं ओळखायला शिकले आणि त्याच कागदांवर माय चोळ्यांचे बेत कापत असे. त्यामुळे माझी आवडती वाक्यं बहुतेक अर्ध्यावर तुटलेली. उरलेला भाग कोणाच्या तरी बाहीच्या मापात गेलेला असे.

माय बिडीच्या कारखान्यात जायची. भिजवलेली टेंभुर्णीची पानं, मांडीवर सूप, सुपात तंबाखूचा चुरा, आणि दिवसभर वाकलेली मान. संध्याकाळी तपासणारा माणूस मूठभर बिड्या छाट म्हणून बाजूला फेकायचा. का, ते सांगायचा नाही. तंबाखूची धूळ मायच्या लुगड्याच्या चुण्यांत बसे, केसांत बसे आणि छातीत बसे. तिचा खोकला आम्हाला गल्लीच्या तोंडापासून ऐकू यायचा. ती आली, हे आम्ही त्यावरूनच ओळखायचो.

तिला मनापासून यायची ती गोधडी. आमच्या गल्लीत कोणाचीही सून बाळंत व्हायची असली की जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली लुगडी आमच्या ओसरीवर येऊन पडत. नवं कापड बाळाला टोचतं, म्हणून जुनंच घ्यायचं. माय त्याचे थर लावी, वर तुकडे मांडी आणि धावदोरा घालत कडेकडून आत आत येई. पण तुकड्याची कड आधी आत मुरडून दाबली नाही तर ती टाक्यापुढे पळते. खालच्या थरात एक चुणी राहिली तर ती बाळाच्या पाठीला रात्रभर कळते. म्हणून गोधडीचं निम्मं काम इस्त्रीचं असतं. आणि आमच्या घरी इस्त्री नव्हती.

तांब्या होता. माय तांब्यात निखारे भरायची, गळ्याला फडकं गुंडाळायची आणि तो कापडावरून फिरवायची. तांब्याचं बूड गोल. मधोमध कापड छान बसे, कोपरा मात्र तसाच राही. गोधडी म्हणजे तर सगळा कोपऱ्यांचाच मामला.

शेजारी वरठीणकाकू राहत. रेल्वेच्या बाबूंचे कपडे त्या धुवायच्या आणि इस्त्री करायच्या. त्यांची इस्त्री मागितली तर त्या नाही म्हणत नसत, पण दिवा लागेपर्यंतच. दिवेलागणीनंतर घरातून सुई देत नाहीत, मीठ देत नाहीत, विस्तव तर नाहीच. आणि माय कारखान्यातून परतायची ती नेमकी दिव्याच्या वेळेला.

"काकू, आजच्या दिस द्या ना वं," माय कुडाच्या अलीकडून म्हणायची.

"सक्कारी ये बाई, दोन नेजो. आता इस्तरी नाई निंगत घराबाहीर. लक्ष्मी निंगून जाते."

"तुमच्या घरी लक्ष्मी बसून हाय, हे मले माईतच नोतं."

"बसून कायची राहिली! माह्यासंगं कपडे पिळून राहिली बापा!"

दोघी हसायच्या आणि माय रिकाम्या हातानं परत यायची.

एकदा कारखान्याला सुटी होती. त्या दिवशी उजेडातच काकूंची इस्त्री आणून मायनं एक गोधडी सगळी बेतशीर केली. ती गोधडी फिरत फिरत एका धानगिरणीवाल्या गुजराती शेठाणीच्या हाती गेली. शेठाणीनं मायला बोलावून घेतलं. मी बरोबर होते. तिनं गोधडीच्या कडेवरून बोट फिरवलं, उलटी केली, पुन्हा फिरवलं.

"बहन, ऐसी किनार हर बार निकलेगी?"

"निकलेगी," माय म्हणाली.

"तो बेटी की शादी का सब काम तुम्हारा. उसके बाद घर का भी. साल भर बैठने नहीं दूँगी."

येताना माय भराभर चालत राहिली. नाक्यापाशी आल्यावर थांबली, खोकली, आणि म्हणाली, "असं काम साल साल भेटलं त मी पानं भिजवणं सोडून देतो." आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलतानाही देतो, जातो असंच म्हणतात. पण त्या दिवशी तो शब्द मला नेहमीपेक्षा ठाम वाटला. तिची छाती वाचायची असेल तर इस्त्री लागेल, इतकं ते सरळ होतं.

बाबांनी ते ऐकून मान डोलावली. "गोरेगावच्या बाजारातून आणू," ते म्हणाले. हे आमच्या गोंदियाजवळचं गोरेगाव; त्यांचं मूळ गाव त्याच वाटेवर. भांडं घ्यायचं ते तिथल्या बाजारातूनच, गोंदियाच्या दुकानात फसवतात, अशी त्यांची समजूत होती.

मी म्हटलं, "मायला नेऊ."

"तिचा रोज बुडते."

"एक दिवस बुडू द्या. इस्त्री तिला चालवायची आहे."

"भांडं घ्याले का बाई नेतेत? वाजवून पाहाचं, तोलून घ्याचं. झालं."

माय चुलीपाशी होती. तिनं बाबांकडे नेहमीपेक्षा थोडं जास्त वेळ पाहिलं. मग आमची शिदोरी बांधली आणि कारखान्यात निघून गेली.

बाजारात चिंचेखाली भांडेवाला बसला होता. पाण्याचे गुंड, गंज, परातींच्या उतरंडी, आणि एका कडेला इस्त्र्या. बाबांनी सर्वांत मोठी पितळी इस्त्री उचलली. तिच्या झाकणाच्या खिटीवर कोंबडा होता. बाबांनी बोटाच्या पेरानं टिचकी मारली. घंटेसारखा आवाज निघाला. शेजारी उभ्या असलेल्या एका शेतकऱ्यानंही मारली. मग त्याच्या मागच्यानं. सगळे खूष.

"खणखणीत माल हाये," भांडेवाला म्हणाला आणि त्यानं ती तराजूत ठेवली. पारडं खाली गेलं तसा बाबांचा चेहरा खुलला.

मी म्हटलं, "बाबा, हा गुंड नाही. एकदा भरून कोपऱ्यात ठेवला की झालं, असं नाही. ही उचलायची आहे."

"पोरगी वकील हाये का तुमची?" भांडेवाल्यानं विचारलं.

"कागदं वाचते," बाबा जरा अभिमानानंच म्हणाले.

"मंग कागदावरच फिरव म्हना इस्तरी!"

हशा झाला. मी इस्त्री उचलून पाहिली. मनगट वाकलं. मी ते बोलूनही दाखवलं. बाबा म्हणाले, "हलकं पितळ म्हंजे फसवणूक, पोरी."

बाबा मूर्ख नव्हते, हे मला सांगितलं पाहिजे. आमच्या धानाच्या मुलखात धातू म्हणजे घरातली शिल्लक. वाईट वर्ष आलं की परात बाजारात जाते आणि वजनावर विकली जाते. त्यामुळे इथला माणूस कुठलंही भांडं घेताना ते मोडीत काय देईल हे आधी बघतो. बाबांनी त्या दिवशी इस्त्री घेतलीच नाही. त्यांनी वाईट वर्षासाठी पितळ घेतलं. त्यांच्या बापानंही तेच केलं असतं. चिंचेखाली उभ्या असलेल्या प्रत्येकानं तेच केलं असतं.

संध्याकाळी मायनं इस्त्रीला हळदकुंकू लावलं. मग ती उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. "चांगली हाय," म्हणाली. बाभळीचा कोळसा पेटवून आत भरला, झाकण लावलं. आता ती आणखी जड झाली. ताव पाहायला मायनं एक पत्रक खाली घातलं. त्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, ‘श्रम करणाऱ्यांनो, जागे व्हा’. ते क्षणात तांबूस झालं. बाबा हसले आणि मायही हसली.

इस्त्रीत खोट नव्हती. बूड आरशासारखं. कड अशी बसायची की सुई आपोआप सरळ जायची. पण ती वरठ्याची, म्हणजे परटाची, इस्त्री होती. वरठी मेजापाशी उभा राहतो, त्याच्या अंगाचा भार वरून इस्त्रीवर येतो, आणि सदऱ्याच्या लांब पाठीवर तो तिला नुसती ढकलत जातो. गोधडी जमिनीवर पसरलेली असते. बाई तिच्यावर मांडी घालून बसते. वीतभर तुकडा दाबायचा, इस्त्री उचलायची, कापड फिरवायचं, पुन्हा ठेवायची. उचलायची ती खांद्यातून. दिवसभर बिड्या वळलेला खांदा तो.

थोड्या दिवसांत माय उजव्या मनगटाला डाव्या हातानं धरून इस्त्री उचलायला लागली. त्यानंतर मनगटाला फडकं बांधायला लागली. मी म्हटलं, मी धरते. पण कड दाबताना इस्त्री धरणारा हात आणि कापड ओढणारा हात एकाच माणसाचे असावे लागतात. मी धरली की कड पळायची. ती म्हणायची, "तू आपली वाच, मी आयकतो." मी शेजारी बसून तिला पत्रकं वाचून दाखवायची. नांगरावर लिहिलेलं असायचं, चरख्यावर असायचं, गिरणीवर असायचं. इस्त्रीवर एकाही पत्रकात काही नव्हतं.

शेठाणीच्या लेकीची दुलई होती. वरचं कापड मोतिया रंगाचं, गुळगुळीत. माय शेवटच्या कडेला आली होती. तिनं इस्त्री टेकवली आणि उचलायला गेली, तर हात उठलाच नाही. मी पाहत होते. तिनं जोर केला. बोटं मुठीवर होती आणि इस्त्री जागच्या जागी. ती डाव्या हातानं ढकलेपर्यंत वास सुटला होता. मोतिया कापडावर होडीसारखा तपकिरी ठसा.

मायनं त्यावर बदामी तुकडा लावला, असा नीट की तो बेतातलाच वाटावा. शेठाणीनं दुलई उघडली, कडेवरून बोट फिरवलं, आणि त्याच तुकड्यावर थांबली.

"इसके नीचे क्या है, बहन?"

माय खोटं बोलू शकली असती. म्हणाली, "जल गया."

शेठाणी ओरडली नाही. तिनं दुलईची घडी घातली. "शादी का है. जला हुआ शादी में नहीं चलता, तुम भी जानती हो." मायला ते ठाऊकच होतं. आमच्याकडेही चालत नाही. उरलेलं काम बाजारातल्या शिंप्याकडे गेलं. दुसऱ्या दिवशी माय पहाटे उठली आणि तिनं पानं भिजत घातली.

त्या संध्याकाळी बाबा ओसरीवर बसले होते. माय आली, सूप भिंतीला टेकवलं आणि उभ्या उभ्याच विचारलं.

"मले काऊन नाई नेलं?"

बाबांना आधी कळलंच नाही. मग म्हणाले, "मी त चांगलीच पाहून आणली वं."

"चांगलीच आणली. पन उचलाचं मले होतं."

एवढंच. आवाज चढवला नाही. चढवायला तिच्यात त्राण नव्हतं. बाबा बराच वेळ तंबाखू मळत राहिले, पण तोंडात टाकली नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी माय कारखान्यात गेली नाही. तिनं डोक्यावर चुंबळ ठेवली, चुंबळीवर ती पितळी इस्त्री, आणि आम्ही तिघं निघालो. बाबा मागे मागे, झोळी धरून.

भांडेवाल्यासमोर माय जमिनीवर बसली. घरी बसते तशी, मांडी घालून. इस्त्र्या तिनं स्वतःसमोर ओढून घेतल्या आणि त्यांतल्या बेताच्या तेवढ्या वेगळ्या काढल्या. एकेक उलटी करून बुडावर सुई आडवी धरली आणि सुईखालून उजेड दिसतो का ते पाहिलं. जिच्याखाली दिसला ती परत केली. मग मला म्हणाली, "जाय, त्या फुटानेवाल्याले इंगळ माग."

फुटाणेवाल्यानं भट्टीतले निखारे एका खापरात दिले. माय झाकण उघडून ते इस्त्रीत भरायला लागली तसा भांडेवाला अर्धा उठला.

"अवो बाई, कोऱ्या इस्तरीत इंगळ घालता? काळी पडन ना!"

"काळी पडाले नाई, त का देव्हाऱ्यात ठेवाले घेऊन राहिलो?"

माणसं जमली. मागून कोणीतरी म्हणालं, "आता बाया इस्तरी करून पाहून घेतीन. उद्या का म्हशीपुढं चारा टाकून पाहान?"

मायनं वर पाहिलंही नाही. "तू म्हैस घेतं त धार काढून पाहातं का नाई, बापा?"

सगळे त्या माणसाकडे बघून हसले. धार न काढता म्हैस घेणारा आमच्या भागात अजून जन्माला यायचा आहे. भांडेवाला खाली बसला.

तिनं पदराचं टोक जमिनीवर पसरलं, पाणी शिंपडलं आणि एकेक इस्त्री चालवून पाहिली. एकीच्या झाकणाच्या फटीतून राख पदरावर सांडली. एकीची मूठ इतकी खाली बसवलेली की बोटांना धग लागत होती. शेवटी राहिली एक लहानशी बिडाच्या लोखंडाची, काळी, कोंबडा नसलेली. तिचं नाक लांब आणि निमुळतं होतं, कोपऱ्यात शिरेल असं. हवेची भोकं वर होती, त्यामुळे ठिणगी कापडावर पडण्याचं भय कमी. मायनं ती उचलली, ठेवली, उचलली, ठेवली. करतच राहिली. जमलेले लोक कंटाळून पांगले. भांडेवाला दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळला. मी उन्हात उभी होते, आणि तेव्हा मला कळलं ती काय करते आहे. पहिल्यांदा उचललेली कुठलीही वस्तू हलकीच वाटते. ती खांदा दुखायला लागण्याची वाट पाहत होती.

बाबांनी हळूच त्या इस्त्रीवर टिचकी मारली. "बद्द वाजते वं."

"वाजवाची नाई, फिरवाची हाय," माय म्हणाली.

पितळी इस्त्री मोडीत गेली. भांडेवाल्यानं ती पुन्हा तोलली. बाबांनी दुसरीकडे पाहिलं.

पत्रकात लिहायचं असतं तर मी इथे लिहिलं असतं की शेठाणीनं मायला पुन्हा बोलावलं आणि कारखाना कायमचा सुटला. तसं झालं नाही. शेठाणीचं काम गेलं ते गेलं. गल्लीतल्या बाळंतिणींच्या गोधड्या येतात, रेल्वेच्या घरांतून चोळ्या येतात. हातात काम असेल त्या दिवशी माय पानं भिजवत नाही. नसेल त्या दिवशी भिजवते. खोकला आहे. मी हे लिहिते आहे आणि ती पलीकडे बसली आहे. छोटी इस्त्री विटेवर टेकलेली आहे, आणि माय मनगटाला फडकं बांधल्याशिवाय काम करते आहे. तेवढं मिळालं. गेलेला खांदा मात्र परत आला नाही. पावसाळी हवेत तो तिला झोपू देत नाही.

लवकरच देश आपला होणार, असं सगळे म्हणतात. व्हावा. मीही त्यासाठी ओरडले आहे आणि पुन्हा ओरडेन. पण बाजाराच्या वाटेवर बैलगाड्या जाताना दिसतात, आणि त्यांत पुरुष बसलेले दिसतात, ज्यांच्या घरची बाई आज कुठेतरी राबते आहे. ते तिच्यासाठी काहीतरी वाजवून आणायला निघालेले असतात.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. इस्त्री घ्यायला निघालात, किंवा जातं, विळा, कात्री, काहीही, तर जिच्या हातात ते राहणार आहे तिला बरोबर न्या. तिचा रोज बुडेल, बुडू द्या. भांडेवाल्यासमोर तिला घरी बसते तशी बसू द्या. निखारे लागतील, ते तुम्ही मागून आणा. तिला उचलू द्या, ठेवू द्या, तिचं समाधान होईपर्यंत पुन्हा उचलू द्या. लोक हसतील. तेव्हा तिच्या शेजारी उभे राहा, आणि तोवर टिचकी मारून काही वाजवू नका.